अर्धवट गेलेली वीज

सोमवार, ४

मेलं! भर कॉलमध्ये मेलं!

एक बाई मला वॉशिंग मशीनचं दार उघडत नाही म्हणून सांगत होती— आत नवऱ्याचा कोट, कोट घालून जायचं लग्न संध्याकाळी, आणि नवरा म्हणे बनियनवर मशीनसमोर बसलेला. तेवढ्यात पंखा मंदावला, ट्यूबलाइटने डोळा मारला, आणि पुन्हा सगळं होतं तसं. पंखा फिरतोय, दिवा जळतोय, कॉम्प्युटरही चालू. फक्त बाई गायब. पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली— 'केबल जोडलेली नाही.' जोडलेली नाही काय! माझ्या डोळ्यांसमोर जोडलेली आहे! काढली, पुन्हा खुपसली. डब्याच्या मागे केबल जाते तिथे दोन इवलेसे दिवे असतात, एक हिरवा, एक नारिंगी. दोन्ही विझलेले.

बंद करून चालू केलं. नाही. परत केलं. नाही.

टीम लीडर बाईंचा मोबाइलवर फोन. "डिअर, लाइन ड्रॉप झाली का?" माझ्या भाचीच्या वयाची असेल. मला डिअर!

महिनाभर परीक्षा, मग कायम करणार असं ठरलंय. घरबसल्या कानाला हेडफोन लावून लोकांच्या मशीनची दुखणी ऐकायची. लग्न झाल्यापासून घरच्यांची दुखणी ऐकतेय, त्याचा पगार कुणी दिला नाही. इथे देतात, आणि माझ्या नावावर देतात. म्हणून मला ही नोकरी हवी आहे. जाऊबाई म्हणाल्याच होत्या, "या वयात कोण ठेवून घेणार तुला?" त्यांना दाखवायचंय म्हणूनही हवी आहे. दोन्ही कारणं खरी.

मंगळवार, ५

इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. "मॅडम, राउटरवर किती दिवे दिसतात?" सगळे दिसतात. "मग एकदा कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बघता का?" केला. "परत एकदा करून बघता का?" वाचून दाखवत होता तो! मला कळतं ना, मीही वाचूनच दाखवते. 'मॅडम' म्हणायची जागासुद्धा कागदावर लिहिलेली असते. शेवटी काय, तर दोष आमच्या बाजूला नाही. छान. या जगात दोष कुणाच्याच बाजूला नसतो.

यांना सांगितलं. हे कंपनीत मेंटेनन्सचे फोरमन, अख्ख्या कारखान्याच्या यंत्रांची नाडी यांच्या हातात. पण घरातलं यंत्र म्हटलं की उत्तर एकच— "बघू." जेवताना सारखे डोळे चोळत होते. लाल झालेत म्हटलं. "धूळ गेली," म्हणाले, आणि अजून एक पोळी मागितली. आजकाल भूक मात्र भारी लागते!

बुधवार, ६

कॉम्प्युटरवाला आला. कोरीव दाढी, गळ्यात पेन ड्राइव्हची माळ. डब्याला कान लावला, दोन टिचक्या मारल्या, आणि तोंड एवढंसं करून म्हणाला, "लॅन कार्ड उडालंय, मॅडम." लॅन कार्ड म्हणजे कॉम्प्युटरचं तोंड आणि कान. बाहेरच्या जगाशी बोलायचं ते त्यानेच. "तुमच्यात ते मदरबोर्डावरच असतं. सगळा बोर्डच बदलावा लागेल."

दिव्याने एकदा डोळा मारला म्हणून बोर्ड बदला! म्हणजे शिंक आली की माणूसच बदला. डबा बगलेत मारून निघून गेला.

सासूबाई मागच्या गॅलरीतून बघत होत्या. ती गॅलरी म्हणजे त्यांचं सिंहासन. "हा मुलगा अगदी आपल्या बाळासारखा चालतो गं," म्हणाल्या. बाळ म्हणजे हे. मागे पेपरवाला बाळासारखा होता, त्याआधी टीव्हीवर हवामान सांगणारा. चार हातांच्या पलीकडचा प्रत्येक पुरुष त्यांना आपला मुलगाच दिसतो. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हटलं की म्हणतात, मला सगळं दिसतं.

गुरुवार, ७

"दुकानात तर चालतंय, मॅडम!"

डबा परत आणला, जोडला. दोन्ही दिवे टकाटक लागले. काय केलंस म्हणून विचारलं. "काही नाही, चेक केलं." काही न केल्याचे पैसे घेतले आणि वर चहा घेतला.

शुक्रवार, ८

पंख्याने दम टाकला. मेलं.

शनिवार, ९

परत डबा दुकानात, परत तिथे चालतं, परत घरी आणल्यावर चालतं. कॉम्प्युटरवाल्याने आमच्या बैठकीच्या खोलीकडे अशी नजर फिरवली की जणू भिंतीतून भूत निघणार आहे. "तुमच्या घरातच काहीतरी आहे, मॅडम." घरात काय आहे? सासूबाई आहेत!

जाता जाता एक शहाणपणाचं बोलला— यूपीएस लावा. आहे की! टेबलाखाली आहे, बॅटरी मेलेली, त्यावर मी चपला ठेवते. यांना म्हटलं, नवी बॅटरी आणा. "पुढच्या महिन्यात बघू." फोरमन माणूस, आणि एका बॅटरीला पुढचा महिना! बोलले नाही. बोलायला लागले की माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि उद्या रविवार आहे, अख्खा दिवस समोरासमोर काढायचाय.

सोमवार, ११

सकाळीच मेलं होतं, म्हणजे दुपारची पाळी बोंबलली हे ठरलेलंच. कॉम्प्युटरवाला फोन उचलेना. राग आला की मी फरशी पुसते. टेबल ओढलं, मागची जळमटं काढली. वायर फडक्यात अडकत होती म्हणून भिंतीतला प्लगच उपटला. निवांत पुसलं, वाळू दिलं, चहा प्यायले, मग प्लग परत लावला.

चालू केलं तर हिरवा, नारिंगी, दोन्ही हजर!

मी तिथेच ओल्या फरशीवर फतकल मारून बसले आणि विचार केला. कॉम्प्युटरवाला काय करतो? डबा उचलून नेतो. न्यायचा तर प्लग काढावा लागतो. हाच त्याचा इलाज! बाकी दाढी आणि टिचक्या. आपण कॉम्प्युटर बंद करतो तेव्हा तो पुरता बंद होतच नाही, प्लगमधून थोडी थोडी वीज आत झिरपत राहते, आणि ते कार्ड त्या थेंबांवर तसंच अडून बसतं. वीज पूर्ण गेली असती तर शुद्धीवर आलं असतं. अर्धवट जाते म्हणून घोटाळा. पुरतं उपाशी ठेवलं की ताळ्यावर येतं.

आणि मी दिवसभर लोकांना काय वाचून दाखवते? 'नुसतं बटण बंद करू नका, मॅडम. प्लग काढा. पाच मिनिटं थांबा. मग लावा.' शंभर बायकांना हे सांगितलं असेल. स्वतःच्या डब्याला मात्र आठवडाभर टिचक्या मारून घेतल्या! कपाळाला हात लावला, तर हाताला फिनेल होतं.

मंगळवार, १२

इलाज सापडला म्हणून रोग गेला असं नाही. आज दोनदा. दोन्ही वेळा कॉल चालू असताना, टेबलाखाली रांगत जायचं, प्लग उपटायचा, बटण दाबून धरायचं म्हणजे आत उरलंसुरलं निघून जातं, वाट बघायची. तोवर तिकडे एक आजोबा "हॅलो, हॅलो" करत राहिले असणार.

टीम लीडर— "डिअर, असंच चाललं तर मला वर सांगावं लागेल हं." वर म्हणजे कुठे ते तिलाही माहीत नसेल.

बुधवार, १३

वीज कार्यालयात जाऊन आले. खिडकीतला माणूस नाकाने कांदे सोलत होता.

"वीज गेलीय का?"

"नाही."

"मग तक्रार कसली?"

"अर्धवट जाते. क्षणभर. पंखा मंदावतो."

"अर्धवट जाण्याची तक्रार आमच्याकडे घेत नाहीत, बाई. पूर्ण गेली की या."

पूर्ण गेली की मी अंधारात येऊ! रांगेतले लोक हसले. तोही हसला, स्वतःच्या विनोदावर खूश होऊन.

घरी आले तर सासूबाई न्हाणीघरात घसरलेल्या. पडल्या नाहीत, बसल्या. पण ओरडल्या अशा की अख्खी इमारत गोळा झाली. यांना फोन केला, तर भाजी गॅसवरून उतरवेपर्यंत हे दारात! कंपनी गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी बघतच राहिले. "इकडेच काम निघालं होतं कंपनीचं," म्हणाले. धापा टाकत होते. आईला उचलून पलंगावर ठेवलं, पाय चेपत बसले. मीही पडून बघावं का एकदा, असं मनात आलं.

गुरुवार, १४

सापडला! चोर सापडला!

दुपारी पंखा मंदावला— जरा मंद, जरा ठीक, जरा मंद, जरा ठीक. कार्ड गेलंच. मी हेडफोन काढून गॅलरीत गेले. मागच्या गल्लीत, समोरच्या भिंतीवर, निळा उजेड थुईथुई नाचत होता. तो थांबला की आमचा पंखा सरळ. तो नाचला की पंखा आजारी. वेल्डिंग! खाली लोखंडी दारं-खिडक्या करणाऱ्याचं दुकान आहे, तोंड मोठ्या रस्त्याला, पाठ आमच्याकडे. मागचं शटर अर्धं वर, आणि आत एक जण ओणवा, तोंडावर तो काळा मुखवटा, ठिणग्या उडवतोय. गेल्या महिन्यापर्यंत तिथे नुसतं ठोकठोक चालायचं. आता नवा कुणीतरी ठेवलेला दिसतो. सगळ्या गल्लीची वीज चोखून घेतो मेला.

"किती छान काम करतो," सासूबाई म्हणाल्या. "अगदी बाळासारखा वाकतो बघ. उजवा पाय मागे टाकून."

झालं! आता हाही बाळ! मी हसले, आणि मग गॅलरीतून असा आवाज लावला की गल्लीतली कुत्री उठली. "अहो वेल्डिंगवाले! लोकांच्या घरात माणसं कामं करतात! अक्कल आहे का?" मुखवट्याने एकदा वर पाहिलं. झटकन आत गेला. शटर खाली. भित्रा कुठला!

यांना जेवताना सगळं सांगितलं, आवाजासकट. हे भात कालवत राहिले, किती तरी वेळ. मग म्हणाले, "पोटासाठी करतो गं तो पण." यांना जगाची दया! बायको टेबलाखाली रांगते तिची नाही. म्हटलं, त्याच्या पोटासाठी माझी नोकरी जायला हवी का? हात धुऊन आल्यावर विचारतात, "तुझी पाळी नक्की कधी असते?"

"दुपारी. जेवणं झाली की दिवेलागणीपर्यंत."

"रोज?"

"रोज!"

नोकरी लागून इतके दिवस झाले, आणि यांना आज प्रश्न पडला! तरी बरं, घे म्हणून सगळ्यात आधी हेच म्हणाले होते. मागे मी शिवणाचा क्लास काढते म्हटलं तेव्हा "गरज काय?" आणि या वेळी मी वाक्य संपवायच्या आत "घे, घे." वय झालं की माणूस मऊ होतो म्हणतात, तसं असेल.

सोमवार, १८

शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, आजही नाही! दुपारभर पंखा एका चालीत. सकाळी तेवढा निळा नाच चालतो, मी जेवायच्या आधी एकदा प्लग काढून लावते की दिवसभराची निश्चिंती. दुपारी त्याचं नुसतं घासणं आणि रंग देणं. म्हणजे माझ्या ओरडण्याचा परिणाम झाला तर! आवाज लावल्याशिवाय या जगात काही हलत नाही. वीज कार्यालय, मदत केंद्र, कॉम्प्युटरवाला, सगळे एकीकडे आणि माझा गळा एकीकडे.

यांना ऐटीत सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणाले. कौतुकाचा एक शब्द सुटेल तर शपथ.

बुधवार, २०

लॉन्ड्रीवाल्याशी कडाक्याचं भांडण. यांच्या दोन शर्टांवर बारीक बारीक भोकं, कडा जळलेल्या, टाचणीच्या डोक्याएवढी. इस्त्री करतोस की फटाके उडवतोस म्हटलं. तो कानावर हात ठेवतो, "बाई, आधीपासूनच होती!" आधीपासून! म्हणजे माझा नवरा कंपनीत ठिणग्या खातो! गिऱ्हाईकं ऐकत होती. दोन्ही शर्टांची धुलाई माफ करून घेतली.

यांना दाखवले, तर म्हणाले, "जाऊ दे ना, त्या बिचाऱ्याला कशाला बोललीस?" आणि चेहरा असा की चूक माझीच.

शुक्रवार, २२

आज त्या कोटवाल्या बाईचा पुन्हा फोन आला, योगायोगाने माझ्याकडेच. दार उघडलं म्हणे त्याच दिवशी, नवऱ्याने लाथ मारली तेव्हा. आता दार बंद होत नाही. मी तिला नीट, सावकाश सगळं सांगितलं, वाचून नाही, माझ्या मनाने. झालं बंद! ती म्हणाली, "तुमच्यासारखं कुणी बोलत नाही हो." टीम लीडर ते कॉल ऐकत असते. तिचा निरोप आला, "सुपर, डिअर!" डिअर आज तितकंसं टोचलं नाही.

खरं सांगायचं तर खूप आनंद झाला. उगाच गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली तो मुखवटेवाला एका झोपाळ्याच्या कड्या घासत होता. मुखवटा घासतानाही काढत नाही! थोबाड दाखवायची लाज वाटत असेल. पण दुपार शांत ठेवतो हे खरं. मनातल्या मनात त्याला एक चहा पाजला.

सोमवार, २५

शेवटचा आठवडा. शुक्रवारी शेवटची परीक्षा— वरची बाई स्वतः ऐकणार आणि तिथल्या तिथे सांगणार, कायम की नाही. जाऊबाईंना फोनवर सांगितलं. "बघू, काय होतं ते," म्हणाल्या. बघा, बघा. डोळे फाडून बघा.

यांना म्हटलं, कायम झाले की पहिल्या पगारात यूपीएसची बॅटरी. हे हसले नाहीत. "आधी आईच्या डोळ्यांचं बघ," म्हणाले. यांच्या मानेवर पट्टा उन्हाने भाजावा तसा लाल. कंपनीची बस आता चौकातून सुटते म्हणे, तिथवर पायी जातात. टोपी घाला म्हटलं. ऐकतात थोडेच!

गुरुवार, २८

उद्याच्या परीक्षेसाठी प्लग काढून, पुसून, परत लावून ठेवलाय. दुपार शांत असते. मला कशाचीच भीती नाही. हे वाक्य लिहिलं, आणि आता भीती वाटतेय.

शुक्रवार, २९, सकाळ

हे जेवणाचा डबा घेऊन कामाला गेले आणि पाठोपाठ टीम लीडरचा निरोप: 'डिअर, मॅडमना दुपारी मीटिंग आहे, तुमचं आत्ताच घेऊ या.' आत्ताच! केस ओले, सासूबाईंचा चहा गॅसवर! तरी बसले. पहिला कॉल छान. दुसरा छान. वरची बाई मध्येच म्हणाली, "व्हेरी गुड." तिसरा कॉल एका म्हाताऱ्या माणसाचा, एकटा राहतो, मशीनमधून पाणी वाहतंय आणि तो खुर्चीवर पाय वर घेऊन बसलाय. मी त्याला म्हणत होते, घाबरू नका काका, मी आहे ना—

पंखा मंदावला.

हिरवा गेला, नारिंगी गेला. भिंतीवर निळा नाच. टेबलाखाली रांगले, प्लग उपटला, बटण धरलं, वाट बघवेना. परत लागेपर्यंत टीम लीडरचा फोन आला. "सॉरी डिअर. मी खूप सांगितलं मॅडमना. पण त्यांच्या कानावर 'मी आहे ना' आणि लगेच शांतता, असं झालं ना." चांगली मुलगी आहे, रडवेली झाली होती. मी नाही रडले. मी चपला घालतेय.

आता त्या मुखवटेवाल्याची खैर नाही.

शुक्रवार, २९, दुपार

मोठ्या रस्त्याने वळसा घालून गेले. दुकानाचं दार सताड उघडं. तो ओणवा होता, उजवा पाय मागे टाकून. त्याच्या पाठीवरच ओरडले— घालवलीस माझी नोकरी, मेल्या, माझी हक्काची नोकरी घालवलीस तू! त्याने आधी खटका बंद केला. मग मुखवटा वर केला.

"अगं," हे म्हणाले, "तुझी पाळी तर दुपारची ना?"